अमेरिकेत शाळेने एपी कॅपस्टोन सुचवलंय, मुलीला घ्यायला सांगू का?

काकू, तुम्ही जूनमध्ये इंदिरानगरहून न्यू जर्सीला चाललात, मुलगी तिथे दहावीत बसणार, आणि दोन-तीन वर्षांनी नाशिकला परत यायचं असेल तर या संशोधनाच्या भानगडीत पडावं का, असं तुम्ही विचारलंय. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, तिथल्या शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. कॅपस्टोन हा त्यातला संशोधनाचा भाग. मी हेच तिथल्या अकरावी-बारावीत केलं, २०२२ ते २०२४. आता गंगापूर रोडला राहते आणि इथल्याच कॉलेजात जाते. माझं मत विचाराल तर घ्यावं, पण यंदा नको.

कॅपस्टोनमध्ये विषय दोन, एकेका वर्षाचे. आधी सेमिनार, मग रिसर्च. सेमिनार केल्याशिवाय रिसर्चला बसता येत नाही. गुण १ ते ५ मध्ये मिळतात. दोन्हींत ३ किंवा जास्त पडले की प्रमाणपत्र, आणि जोडीला इतर चार एपी विषयांत तेवढेच असले की डिप्लोमा. (माझी आजी वर्षभर सगळ्यांना सांगत होती, नात डिप्लोमा करतेय. लोक विचारायचे, सिव्हिलचा का?)

सेमिनारमध्ये पाठांतराला जागाच नाही. गटात एक विषय घेऊन प्रत्येकाने १२०० शब्दांचा अहवाल लिहायचा आणि सगळ्यांनी मिळून तो विषय मांडायचा. त्याला २० टक्के. मग जानेवारीच्या सुमारास कॉलेज बोर्ड, म्हणजे एपी चालवणारी संस्था, काही लेख पाठवतं, त्यातून आपला प्रश्न काढून एकट्याने २००० शब्दांचा निबंध लिहायचा आणि तोही सादर करायचा. त्याला ३५. उरलेले ४५ मे महिन्यातल्या दोन तासांच्या पेपराला. गटाचं काम मला सर्वांत जड गेलं. एक मुलगा शेवटच्या आठवड्यापर्यंत 'करतो, करतो' म्हणत राहिला आणि त्याचे फोटो आम्ही रात्री अकराला चिकटवले.

पण मला खरं शिकवलं ते रिसर्चने, आणि तेही आपटून. सेमिनार संपल्यावर सुट्टीत मामाकडे पिंपळगाव बसवंतला आले होते. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरलेला होता, आणि मला प्रश्न पडला की शेतकरी कुठल्या दिवशी ठरवतो, आता चाळ फोडून कांदा विकायला काढायचा? मामाच्या ओळखीच्या अकरा जणांशी बोलले, सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. एका आजोबांनी तर चाळीतला सडका कांदा हुंगून दाखवला. ऑगस्टमध्ये परत गेले आणि बाईंना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्यांनी एवढंच विचारलं, 'परवानगी कुठेय?' माणसांकडून माहिती घ्यायची तर आधी शाळेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. विचारून झाल्यावर घेतलेली चालत नाही. अकराच्या अकरा मुलाखती बाद. हा नियम वर्गात सांगितलेला होता. मी ऐकलाच नव्हता.

मग उघड्यावर असलेल्या आकड्यांकडे वळले. लासलगावच्या कांदा बाजाराचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर असतात. त्याच महिन्यात, १९ ऑगस्ट २०२३ला, केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. प्रश्न आयता मिळाला: शुल्काआधी आणि नंतर भाव कसे हलले? अर्धा निबंध झाला आणि डिसेंबरात सरकारने निर्यातच बंद केली. आता पडलेला भाव शुल्कामुळे, बंदीमुळे की नव्या लाल कांद्याच्या आवकेमुळे, हे वेगळं कसं काढायचं? बाई म्हणाल्या, 'काढता येत नाही, तर तसं लिही.' दहावीपर्यंत नाशिकला मी प्रयोगवहीत आधी उत्तर लिहून मग वाचनं जुळवलेली मुलगी. ते वाक्य पचायला मला दोन आठवडे लागले.

रिसर्चला लेखी पेपर नसतो. ४००० ते ५००० शब्दांच्या प्रबंधाला ७५ टक्के, सादरीकरण आणि तोंडी प्रश्नांना २५. सगळं एप्रिलअखेर द्यायचं. आकडे किंवा संदर्भ मनाने घातले तर शून्य. एआयकडून लिहून घेण्याचा विचार असेल तर मध्ये-मध्ये शिक्षकांसमोर आपलं काम समजावून सांगावं लागतं, तिथे पकडले जातात.

आता तुमच्या मुलीचं. पहिल्या वर्षी तिला नवी शाळा, नवे उच्चार, डब्यात पोळी-भाजी न्यावी की नाही हा प्रश्न, एवढं पुरे. सेमिनार अकरावीत घेऊ दे. त्याचे गुण जुलैत येतात, म्हणजे बारावीत कॉलेजचे अर्ज भरताना ते हाताशी असतात. रिसर्चचे गुण मात्र अर्ज गेल्यावर येतात, त्यामुळे त्यावर प्रवेशाची आशा लावू नका. अर्जातल्या निबंधात लिहायला विषय मिळतो, तेवढंच. तिथल्या कॉलेजांतही क्रेडिटचा, म्हणजे एपीचे गुण कॉलेजच्या अभ्यासक्रमात धरायचे की नाही याचा, नियम जागोजागी वेगळा आहे.

भारतात परत आलात तर सीईटी, जेईई, नीटला याचा एका गुणाचाही उपयोग नाही. मुलीला इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच करायचं आणि तेही इथे, असं पक्कं असेल तर तो वेळ फिजिक्सला द्या, मी वाईट मानणार नाही. आणि काकांची नोकरी दीड वर्षात दुसऱ्या गावी हलण्यासारखी असेल तर आधी चौकशी करा. प्रत्येक शाळेत कॅपस्टोन नसतं. सेमिनार एकीकडे झालं आणि पुढच्या शाळेत रिसर्चच नाही, असं माझ्या वर्गातल्या एका मुलीचं झालं. तिचं सेमिनार वाया गेलं म्हणणार नाही, पण ती रडली.

शाळेला मेल कराल तेव्हा दोन गोष्टी विचारा: दोन्ही वर्षं तेच शिक्षक शिकवतात का, आणि सेमिनार करून थांबता येतं का. आणि त्याच मेलमध्ये गणिताच्या प्लेसमेंटचंही, म्हणजे तिला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवणार हेही, विचारा. तिथे भूमिती एक वर्ष आणि बीजगणित दुसरं वर्ष असतं, आपल्यासारखं एकत्र नाही. मला त्यांनी शिकलेलीच भूमिती पुन्हा वर्षभर करायला लावली, कारण आईने हे कुणाला विचारलंच नव्हतं.