स्वालबार्डला फिरायला जाताना पिण्याच्या पाण्याची काय काळजी घ्यावी?

नॉर्वेच्या या ध्रुवीय बेटांवरच्या मुख्य गावात, लॉन्गयिअरब्येनमध्ये, बिनधास्त नळाचं पाणी प्या. 78 अंश उत्तरेला नळाचा काय भरवसा, ही तुमची शंका रास्त आहे, पण गावाला इस्डामेन तलावातलं पाणी प्रक्रिया करून पुरवतात आणि तिथली मंडळी तेच पितात. बाटल्या विकत घेण्यात पैसे घालवू नका, तिथे आधीच सगळं महाग.

'बर्फाच्या ओढ्याचं पाणी शुद्धच असणार ना?' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर 'नाही' असं आहे. स्वालबार्डच्या कोल्ह्यांमध्ये एक टेपवर्म (पोटातला चपटा जंत) आहे, एकायनोकोकस मल्टिलोक्युलारिस. त्याला वाढायला मध्ये उंदरासारखा एखादा प्राणी लागतो. ध्रुवीय बेटावर असा प्राणी कुठून आला? ग्रुमंटच्या जुन्या रशियन कोळसा वसाहतीत जनावरांसाठी चारा यायचा, त्यातून बहुधा व्होल नावाचे छोटे उंदीर आले आणि तिथेच रुजले. 1999 मध्ये त्यांच्यात हा जंत सापडला. कोल्ह्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात. माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठ वाढते, आणि तीही वर्षानुवर्षं काही न जाणवता. धोका मुख्यतः ग्रुमंटच्या आसपास, पण कोल्हा काही हद्द पाळत नाही.

ही अंडी साध्या गोठणाऱ्या थंडीला दाद देत नाहीत, क्लोरीनच्या गोळ्यांनाही नाही. (बाकी जंतूंवरही गार पाण्यात गोळी फार हळू काम करते.) म्हणून पाणी उकळायचं, चांगलं खळखळून. स्टोव्ह नसेल तर फिल्टर चालतो, अंडी त्यात अडकतात. पण बारीक पोकळ नळ्यांचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि गोठला, तर आतून चिरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. दिवसा जॅकेटच्या आत ठेवा, रात्री स्लीपिंग बॅगेत. हिमनदीच्या राखाडी पाण्यात दगडाची भुकटी असते, ते आधी निवळू द्या, नाहीतर फिल्टर लगेच तुंबेल.

तहान लागली म्हणून बर्फ चघळू नका, अंगातली ऊब जाते. वितळवायचा असेल तर भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नुसता बर्फ टाकला की तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो.

एक दिवसाच्या सहलीला जाणार असाल तर यातलं बहुतेक लागणारच नाही. हॉटेलातून निघताना थर्मास गरम पाण्याने भरून घ्या, हिवाळ्यात साध्या बाटलीचं दुपारपर्यंत झाकण गोठतं.