पहिल्या दिवशी क्रिएटिनिन नॉर्मल, मग डायलिसिस कशाला?

प्रश्न : ढेकणांसाठी आणलेलं शेतीचं कीटकनाशक पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. रात्री अंधारात दिराने त्यातला घोट घेतला. उलट्या, जुलाब, घाम, तोंडाला फेस. लगेच हॉस्पिटलमध्ये नेलं. त्या दिवशी क्रिएटिनिन ०.९ होतं, तिसऱ्या दिवशी ३.८ झालं. आता डायलिसिस करायचं म्हणतात. किडनी कायमची गेली का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, एवढ्यात धीर सोडू नका. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ. ते उशिरा बोलतं. किडनीचं काम मंदावलं तरी ते रक्तात साठायला दिवस-दोन दिवस जातात, त्यामुळे पहिल्या रिपोर्टवर निर्धास्त राहता येत नाही. लघवी आधी सांगते. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली व्हायला हवी. सलग सहा तास त्याहून कमी झाली, तर किडनीला मार बसलाय असं धरतात. पिशवीतली लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर नर्सला तेव्हाच दाखवा. स्नायू तुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीच्या बारीक नळ्यांत अडकत असल्याची ती खूण असू शकते.

लक्षणं ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या गटातल्या कीटकनाशकाची वाटतात. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं, बीपी पडतं, किडनीला रक्त पुरत नाही. शिवाय विषाचा थेट मारही बसतो. मूळ डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना द्या.

डायलिसिस विष खेचून काढायला नसतं. हे विष चरबीत मुरतं. त्यासाठी ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ही उताऱ्याची औषधं असतात. वाढलेलं पोटॅशियम, रक्तातलं आम्ल, फुप्फुसात साठणारं पाणी यांनी जीव जाऊ नये म्हणून किडनी सावरेपर्यंत मशीन लावतात. आधी किडनी धडधाकट असेल तर बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरते. सावरताना लघवी एकदम भरपूर होऊ लागते. त्या आनंदात घरी नेण्याची घाई नको, तेव्हा पोटॅशियम खाली जातं.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मान उचलता येईना किंवा श्वास उथळ झाला, तर तेही तत्काळ सांगा. श्वासाचे स्नायू थकत असतात.

घरी आल्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. क्रिएटिनिन आठवड्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासा. आणि ती पाण्याची बाटली आजच घरातून काढा, पण मोरीत ओतू नका.