सर्दी लपवली, आणि नंतर बाळ ॲडमिट झालं

पत्र (थोडं कमी करून) :

मावशी, मी पुण्यात असते, सासर नाशिकचं. फेब्रुवारीत नणंदेचं लग्न झालं. त्याआधी महिनाभर ऑफिस सांभाळून रात्री जागून रुखवत करत होते. लग्नाच्या आठवड्यात गुरुवारी घसा खवखवायला लागला, शुक्रवारी रात्री नाशिकला पोचेपर्यंत नाक गळायला लागलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, सर्दीच तर आहे, निघताना डोक्यावरून पाणी घेतलंस म्हणून झाली, कुणाला सांगत बसू नकोस, शुभकार्यात कुरबूर नको. मी गोळ्या घेतल्या आणि शनिवारी हळदीपर्यंत नाक जवळजवळ थांबलं होतं. धाकट्या जावेचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं. माझ्याकडे देताना तिने विचारलं, ताई, तुम्हाला सर्दी झालीये का? मी म्हटलं नाही गं, धुळीची ॲलर्जी आहे. अर्धा तास बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. रविवारी लग्न झालं, सोमवारी बाळाचं नाक गळायला लागलं, बुधवारी दम लागला, ॲडमिट केलं, चार दिवस ऑक्सिजनवर होतं. डॉक्टरांनी टेस्ट करून आरएसव्ही (लहान बाळांच्या श्वासनळ्यांना त्रास देणारा एक विषाणू) सांगितलं. आता बाळ एकदम छान आहे. जावेला काहीच माहीत नाही, पण तिचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो इतक्या महिन्यांनी उकरून काढू नकोस. पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. बाळ माझ्यामुळे आजारी पडलं का? तिला सांगू का? की उष्टावणाला जाऊच नको?
– थोरली, पुणे

थोरले,

सांग तिला. आणि उष्टावणाला जा. तुझी उत्तरं एवढीच आहेत, पण कसं सांगायचं आणि काय सांगायचं याच्यावर सगळं अवलंबून आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो प्रश्न घेऊ ज्याने तुला इतके महिने झोप येत नाहीये, बाळ माझ्यामुळे आजारी पडलं का. हे आता कुणालाच सांगता येणार नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. सर्दी ही एकाच विषाणूने होत नाही, दोनशेहून जास्त विषाणू आहेत, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा रायनोव्हायरस, आणि आरएसव्ही हा रायनोव्हायरसहून वेगळा. बाळाची टेस्ट झाली, तुझी झाली नव्हती, म्हणजे तुला नेमकं काय झालं होतं हेच माहीत नाही. मोठ्या माणसाला आरएसव्ही झाला तरी तो साध्या सर्दीसारखाच दिसतो, त्यामुळे तुला तो झाला असण्याची शक्यता आहेच, पण नसण्याचीही आहे. दुसरं म्हणजे दिवस मोज. आरएसव्ही शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात, कधी दोन तर कधी आठ. बाळाचं नाक सोमवारी गळायला लागलं, तिथून चार ते सहा दिवस मागे गेलीस तर येतो मंगळवार ते गुरुवार, आणि तू नाशिकला पोचलीस शुक्रवारी रात्री. त्या आठवड्यात लग्नघरात केळवणं, पाहुणे, मांडववाले, मेंदीवाली, शेजारच्या बायका असं कोण कोण येऊन बाळाला घेऊन गेलं असेल, आणि आरएसव्ही झालेला माणूस स्वतःला लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो पसरवत असतो, म्हणजे ज्याने दिला त्याला स्वतःलाही कळलं नसेल. शनिवार ते सोमवार हे दोन दिवस अगदीच अशक्य नाहीत, म्हणून तू सुटलीस असं मी म्हणणार नाही. पण मीच केलं असं जे तू ठरवून टाकलंयस ना, त्याला आधार नाहीये. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना आरएसव्ही एकदा तरी होऊन जातो. त्रास होतो तो अगदी लहान बाळांना, कारण त्यांच्या श्वासनळीच्या शेवटच्या फांद्या इतक्या बारीक असतात की थोडी सूज आणि थोडा चिकट कफ आला तरी हवा जायला जागा उरत नाही.

आता मला यातलं जास्त टोचलं ते सांगते. तुझ्या पत्रात विषाणूबद्दल खूप आहे, आणि तिने तुला सरळ विचारलं होतं हे मात्र एका ओळीत उरकलंयस. दोन महिन्यांच्या बाळाची आई हळदीच्या गडबडीत, सासरच्या सगळ्या बायका बसलेल्या असताना, थोरल्या जावेला विचारते की सर्दी झालीये का, याला किती धीर लागला असेल बघ. ती बाळाची काळजी घेत होती आणि तिला निर्णय घ्यायचा होता, बाळ द्यायचं की नाही. तू नाही म्हणालीस आणि तो निर्णय तिच्या हातातून काढून घेतलास. बाळ आजारी पडलं नसतं तरी हे चूकच होतं. माफी मागायची ती याची, कारण विषाणू कुणी दिला हे तुला माहीत नाही पण खोटं कुणी बोललं हे माहीत आहे.

मला कळतं की तू हे हौसेने केलं नाहीस. नवऱ्याच्या बहिणीचं लग्न, महिनाभर राबून केलेलं रुखवत, आणि ऐन वेळी मला सर्दी आहे मी लांब बसते असं म्हटलं असतं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक कार्यात कुणीतरी ते काढलं असतं. आपल्याकडे आजारी सुनेने कोपऱ्यात बसणं याला काळजी म्हणत नाहीत, नखरे म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही आणि मी जिथे जिथे बोलता येतं तिथे बोलते. सर्दीच तर आहे हे वाक्य तिशीतल्या बाईसाठी ठीक आहे, आठवडा-दहा दिवसांत ती बरी होते, पण त्याच मांडवात दोन महिन्यांचं बाळ असतं, दम्याचे आजोबा असतात, कुणाची केमो चालू असते, त्यांच्यासाठी ती सर्दीच तर नसते.

आणि त्या डोक्यावरून घेतलेल्या पाण्याचं ओझं तरी उतरव बाई. नुसत्या पाण्याने विषाणू येत नाही. सर्दी कशाने होते यावर इंग्लंड-अमेरिकेत बरेच प्रयोग झालेत, त्यातला एक तुझ्या कामाचा आहे. 2009 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी 153 धडधाकट माणसांची झोप दोन आठवडे नोंदवली, मग त्यांच्या नाकात रायनोव्हायरसचे थेंब घातले, तर सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ किंवा जास्त तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. महिनाभर रात्री जागून रुखवत केलंस, वर ऑफिस. लग्नघरातल्या बायका ऐन लग्नात का पडतात याचं हे साधं कारण आहे, आणि सासूबाईंनी तुला केसांवरून बोलण्याऐवजी रात्री झोपायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

गोळ्यांचंही सांगते कारण तुझ्या मनात तो एक बचाव दिसतोय, की हळदीपर्यंत नाक थांबलं होतं. मेडिकलमधल्या सर्दीच्या गोळीत साधारण ताप-अंगदुखीचं पॅरासिटामॉल, नाक सुकवणारं एखादं औषध आणि झोप आणणारं अँटीहिस्टामिन असतं. ती तुला उभं करते, बाकी विषाणू तिथेच असतो. सर्दी सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन-तीन दिवस ती सगळ्यात जास्त पसरते आणि तुझी हळद बरोबर त्याच दिवसांत आली. दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेतल्या असशील तर पुढच्या वेळी पाकिटं वाचून घे, बऱ्याचदा दोन्हीत पॅरासिटामॉल असतं आणि नकळत डबल डोस होतो.

आता सांगायचं कसं. व्हॉट्सॲपवर अजिबात नको, उष्टावणाच्या दिवशीही नको, घर भरलेलं असताना तिला रडायची किंवा चिडायची सोय राहणार नाही. त्याच्या आधी एक रविवार काढ, नाशिकला जा, नाहीतर ती बाळाला झोपवून निवांत असेल तेव्हा फोन कर. सुरुवातीलाच सांग, की हळदीच्या दिवशी तू मला सर्दीचं विचारलंस आणि मी खोटं बोलले, मला सर्दी होती, मी तुला सांगायला हवं होतं, तेव्हापासून मला हे खातंय. एवढंच. मग थांब. वर मी जो दिवसांचा हिशोब मांडला तो तुझ्या स्वतःसाठी आहे, तो तिच्यापुढे आधी मांडलास तर माफी मागायला आलीस की सुटायला हेच तिला कळणार नाही. तिने विचारलं तर सांग.

सासूबाईंचं नाव घेऊ नकोस. त्यांनी गप्प बस म्हटलं हे खरं आहे, पण जावेने विचारलं तेव्हा उत्तर तू दिलंस, आणि तिला अजून त्याच घरात त्यांच्याबरोबर राहायचंय. नवऱ्याला मात्र आधी सांगून ठेव, परवानगीसाठी नाही, तर उद्या त्याच्या भावाचा फोन आला तर त्याला धक्का बसू नये म्हणून. त्याचं उकरून काढू नकोस मला पटत नाही, कारण तुझ्यासाठी ते पुरलं गेलेलंच नाहीये, तू तिचे फोन टाळतेस आणि तिला ताई आपल्याशी का तुटक वागतात याचं कारण माहीत नाही, कदाचित ती स्वतःमध्येच काहीतरी शोधत असेल.

ती चिडेल. चिडू दे. चार दिवस ऑक्सिजनच्या नळीशेजारी ती बसली होती. तिने लगेच असू दे ताई म्हणावं ही अपेक्षा ठेवून जाऊ नकोस, आठ-पंधरा दिवस बोलली नाही तरी सासूबाईंमार्फत निरोप पाठवू नकोस. वेळ दे. तिने स्वतः उष्टावणाला नका येऊ म्हटलं तरच थांब, नाहीतर जा, कारण न जाणं म्हणजे परत एकदा काहीतरी लपवणं होईल.

उष्टावण जूनमध्ये म्हणजे पावसाच्या तोंडावर, तेव्हा शिंका आणि खोकला असणारे चार पाहुणे येणारच. सगळं घर जावेच्या बाजूने उभं राहील असं काहीतरी थोरली म्हणून तू करू शकतेस. सर्दी-खोकला असेल त्याने बाळाला घ्यायचं नाही, बाकीच्यांनी साबणाने नीट हात धुऊन घ्यायचं, कुणीही पापी घ्यायची नाही, हे तू बोललीस तर नियम होईल, तिने एकटीने म्हटलं तर नवीन आईचे नखरे होतील. हात साबणानेच धुवायला सांग, सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, सर्दीच्या काही विषाणूंवर तो कमी पडतो. आणि तुला स्वतःला त्या आठवड्यात घसा जरी खवखवला तरी तिला फोन करून सांग आणि व्हिडिओ कॉलवर उष्टावण बघ.

बाळाला पुन्हा कधी सर्दी झाली तर घाबरून जाऊ नका, पण छाती आत ओढली जातेय का, एका मिनिटात पन्नास किंवा जास्त वेळा श्वास चालतोय का, दूध प्यायचं सोडलंय का, ओठ निळसर दिसतायत का हे बघा, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

अजून एक, तुमच्याकडे उष्टावणाला चांदीच्या वाटीत खीर आणि बोटाने मध चाटवायची पद्धत असेल तर मध नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. मामा खीर भरवेल तेवढी पुरे. हे सासूबाईंना आधीच तू सांगून ठेव, म्हणजे त्या दिवशी सगळ्यांसमोर वाटी बाजूला करायची वेळ जावेवर येणार नाही.

– मावशी