आमगावचा मतदार, भंडारा-गोंदियाचा उमेदवार

प्रश्न : मी आमगाव तालुक्यातल्या खेड्यात राहतो. वय 41, धानाची शेती आणि लहानसं कृषी केंद्र. मी आदिवासी नाही. आमची आमगाव विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव, आणि लोकसभेला आम्ही गडचिरोली-चिमूरमध्ये, तीही राखीव. मला लोकसभेला अपक्ष उभं राहायचं आहे. एक मित्र म्हणतो, गोंदियात साळ्याचं घर आहे, तो पत्ता दाखवून मतदार यादीतलं नाव तिकडे हलव. दुसरे म्हणतात, आमगाव भंडारा-गोंदियाला जोडा म्हणून नागपूर खंडपीठात याचिका टाकू. त्यासाठी गावात वर्गणीही सुरू झाली आहे. वकीलसाहेब, आमच्यासारख्यानं आता कधी उभंच राहू नये का जी?

उत्तर : साळ्याचा पत्ता आधी डोक्यातून काढा. राहता एका गावी आणि अर्जात दुसरीकडे राहतो म्हणून सही करता, तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1950च्या कलम 31खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे याची गरजच नाही.

लोकसभेच्या सर्वसाधारण जागेवर उभं राहायला तुमचं नाव देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत असलं की झालं. वय 25 पूर्ण हवं. म्हणजे नाव आमगावच्या यादीत ठेवूनच तुम्ही भंडारा-गोंदियातून उभे राहू शकता. ती जागा राखीव नाही. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका पाहून लोकांना वाटतं, जिथलं मत तिथलीच उमेदवारी. लोकसभेला तसं नाही. विधानसभेलाही महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं तर गोंदिया किंवा तिरोड्यासारख्या खुल्या जागेवर लढता येतं.

अडचण वेगळीच आहे. अपक्षाला अर्जावर त्याचं नाव सुचवणारे दहा सूचक लागतात आणि दहाही त्या मतदारसंघाचे मतदार हवेत. तुमची बायको, भाऊ, कृषी केंद्रावरचा पोरगा, यांच्यापैकी कुणाची सही चालणार नाही. साळा खरंच गोंदियाचा मतदार असेल तर तो मात्र चालेल, त्याचा उपयोग इथे करा. दुसरं, आमगावच्या मतदार यादीतल्या तुमच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाला जोडा, नाहीतर छाननीच्या वेळी हातात ठेवा. परक्या मतदारसंघातून उभ्या राहणाऱ्यासाठी हा कागद सक्तीचा आहे. अनामत 25 हजारांची आणि प्रतिज्ञापत्र मोठं, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, आणि हा एक कागद घरच्या पिशवीत राहून जातो. तुमचं स्वतःचं मत मात्र तुम्हाला मिळणार नाही. ते गडचिरोली-चिमूरमध्येच पडेल.

आता याचिकेचं. तुमची तळमळ समजते. आमगावहून गाडीत बसलं की बघता बघता गोंदिया येतं, आणि तुमचा मतदारसंघ मात्र सालेकसा-देवरीच्या जंगलातून निघून पार गोदावरीकाठच्या सिरोंचापर्यंत जातो. जुना चिमूर मतदारसंघ सर्वसाधारण होता. आमगावचे आमदार राहिलेले महादेवराव शिवणकर 2004 साली तिथूनच लोकसभेत गेले. मग मतदारसंघांची 2008ची फेररचना आली. राज्याच्या जागा 48च राहिल्या, पण त्या राज्याच्या आत 2001च्या लोकसंख्येप्रमाणे वाटल्या गेल्या आणि मुंबई-ठाणे-पुण्याकडची लोकसंख्या वाढलेली. विदर्भाच्या लोकसभेच्या जागा 11च्या 10 झाल्या, विधानसभेच्या 66च्या 62. नुसतं चिमूर, नुसतं यवतमाळ, नुसतं वाशीम ही नावं गेली. रामटेक आणि अमरावती अनुसूचित जातीसाठी राखीव झाले, बुलडाणा खुला झाला.

जिल्ह्याची हद्द आणि मतदारसंघाची हद्द यांचा मेळ बसतोच असं नाही. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, पण खासदार हिंगोलीचा. मलकापूर बुलडाण्यात, खासदार रावेरचा. उद्या सरकारनं तुमचा तालुका तोडला-जोडला तरी निवडणूक आयोग फेररचनेच्या आदेशातली नावं तेवढी दुरुस्त करेल. मतदारसंघाची हद्द हलवायचा अधिकार त्याला नाही.

नेमकी तुमचीच तक्रार घेऊन उज्जैनचे मेघराज कोठारी न्यायालयात गेले होते. शहर राखीव मतदारसंघात गेलं, मला उभं राहता येत नाही, हेच त्यांचं म्हणणं. 1966मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परिसीमन आयोगाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आणि आरक्षण ठरवणाऱ्या आयोगाचा, राजपत्रात आलेला आदेश हाच कायदा, आणि घटनेचं कलम 329 त्याला आव्हान देऊ देत नाही. 2024मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या आरक्षणाबद्दलच्या प्रकरणात न्यायालयानं दार थोडं किलकिलं केलं : आदेश उघड मनमानी असेल, घटनेच्या मूल्यांशी जुळत नसेल, तर न्यायालय बघू शकतं. पण जमातीच्या जागा जिथे आदिवासींचं प्रमाण सगळ्यात जास्त तिथेच द्यायच्या, हा कायद्याचाच निकष आहे. गडचिरोलीच्या बाबतीत मनमानी कशी दाखवणार? आणि हे आरक्षण सरपंचपदासारखं दर निवडणुकीला फिरतही नाही. इतक्या वर्षांनी दाखल केलेल्या याचिकेवर पहिला प्रश्न उशिराचा येईल, आणि त्याला माझ्याकडे तरी उत्तर नाही.

बोलायची वेळ नव्या हद्दींच्या मसुद्याची असते. 84व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेच्या जागांची संख्या 2026नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. पुढचा परिसीमन आयोग बसेल तेव्हा मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येतो, हरकतींसाठी तारीख दिली जाते, जाहीर सुनावणी होते. 2002च्या परिसीमन कायद्यात मतदारसंघाचा भौगोलिक आटोपशीरपणा, दळणवळण आणि लोकांची सोय हे मुद्दे स्पष्ट लिहिले आहेत. तिथे आमगावचं रेल्वे स्टेशन, तुमच्या गावाहून दोन्हीकडची अंतरं आणि बसच्या वेळा कामाला येतील. ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि अंतरांचा तक्ता आत्ताच करून ठेवा, पैसे लागत नाहीत. राखीव जागाच रद्द करा असं मात्र त्यात लिहू नका. आमगाव कुठे जोडावं, एवढंच मागा. आदिवासी शेजाऱ्यांच्या सह्याही मग मिळतील.

वर्गणी मात्र परत करा. कुणी किती दिले त्याची यादी असेलच, प्रत्येकाच्या नावापुढे परत मिळाल्याची सही घ्या.