बोट ओढायला ३८ लाखांची गाडी? आधी बोट काट्यावर घाला

नमस्कार दादा, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. दादा जिंतूर तालुक्यातले, वय ४६, नऊ वर्षं मर्चंट नेव्हीत काढून २०१४ ला गावी परत आले, आता कृषी सेवा केंद्र चालवतात आणि ९ एकर शेती आहे, सोयाबीन आणि हळद. रस्त्यात जमीन गेली, त्याचा मावेजा आला, त्यातून जुनं कर्ज, बहिणींचा हिस्सा, घराचं काम हे सगळं जाऊन ६५ लाख एफडीत आहेत. मुलगी अकरावीला, लातूरला नीटची तयारी करायलीय, मुलगा आठवीत. कोकणातून एक जुनी २२ फुटी केबिन क्रूझर, म्हणजे आत झोपायची केबिन असलेली मोटरबोट, ट्रेलरसकट १७ लाखांना मिळायलीय, आणि ती ओढायला टोयोटाची हायलक्स पिकअप घ्यावी का असं विचारलंय. ऑन रोड ३८ लाखांचं कोटेशन, १३ लाख रोख भरायचे, २५ लाख लोन. घरची बोलेरो १ लाख ९० हजार किलोमीटर चाललीय, ती तशीही काढायचीच आहे.

बोट घेऊच नका असं मी म्हणणार नाही. घरच्यांनी आणि सोयऱ्यांनी ते म्हणून झालं असेल. तुम्ही लिहिलंय की जहाजावरनं उतरल्यापासून पाण्याची आठवण येती, ते वाचून मला बरं वाटलं, माणसानं आयुष्यभर राबून एक गोष्ट स्वतःसाठी मागितली तर त्यात काही वाईट नाही. माझा आक्षेप गाडीवर आहे, आणि तोही गाडी वाईट म्हणून नाही, तर तुम्ही गाडी आधी ठरवली आणि बोटीचं वजन अजून कुणाला विचारलंच नाही म्हणून.

तुमच्या मेलमध्ये "बोट दीड टनाची आहे" एवढंच आहे, विकणाऱ्यानं सांगितलेलं. हे दीड टन म्हणजे नुसता सांगाडा आणि केबिन असणार. त्याच्यावर मागचं १५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, ते सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं. टाकीत दीडशे लिटर पेट्रोल म्हणजे ११० किलो, पिण्याचं पाणी, बॅटऱ्या, नांगर, साखळी, दोर, जॅकेट, मुलांचं सामान हे धरून अजून दीडशे. आणि खुद्द ट्रेलर, चार चाकांचा, तो साडेचारशे ते पाचशे किलो. बेरीज करा, अडीच टनाच्या जवळ गेलं. तुम्ही दीड टन ओढायचं म्हणून गाडी बघायलात आणि मागं असणारंय अडीच टन.

आता हायलक्सचं स्वतःचं वजन दोन टनाच्या थोडं वर. म्हणजे ओढणारा हलका आणि ओढलं जाणारं जड. परदेशात याच गाडीला ब्रेक असलेला ट्रेलर ३५०० किलोपर्यंत ओढायची परवानगी आहे, हे तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल, पण तो आकडा त्या देशातल्या मॉडेलचा, तिथल्या हिचचा म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकाचा, तिथल्या रस्त्याचा. आपल्याकडच्या गाडीसोबत येणाऱ्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा, आणि त्यात आकडा नसेल तर कंपनीकडनं मेलवर लेखी घ्या, शोरूममधला पोरगा "ओढते की सर" म्हणला तर ते पुरेसं धरू नका. टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या ओढायच्या जोराची काळजी तुम्ही जास्त करायलात, हायलक्स मॅन्युअल ४२० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिक ५००, इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप ३६०, स्कॉर्पिओ-एन डिझेल ३७० ते ४००, हे सगळे सपाट रस्त्यावर बोट ओढून नेतील. नेणं सोपं असतं. थांबवणं आणि उतारावर धरून ठेवणं अवघड.

तुम्ही ट्रॅक्टरवाले आहात म्हणून लगेच कळंल. दोन चाकी ट्रॉलीत माल सगळा मागं भरला की दांडा वर उचलतो आणि ट्रॉली मागं झोकांड्या खाती, तसंच बोटीचं आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर पडला पाहिजे, अडीच टनाला अडीचशे किलो. कमी पडला तर साठच्या स्पीडला ट्रेलर डावीउजवीकडं हलायला लागतो, आणि जास्त पडला तर गाडीची मागची बाजू दबून पुढच्या चाकांची पकड जाते. बोटीत इंजिन सगळ्यात मागं असतं, म्हणून ट्रेलरवर बोट कुठं बसवलीय याला फार महत्त्व. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का हे विचारा. बोटीच्या ट्रेलरला बहुतेक सर्ज ब्रेक असतात, म्हणजे गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढं ढकलला जातो आणि त्या दाबानंच त्याचे ब्रेक लागतात. खाऱ्या पाण्यात बुडून बुडून हे जाम झालेले असतात, बेअरिंगही गेलेल्या असतात. तुमची बोट कोकणातली आहे, त्यामुळं चाकं काढून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

मागच्या हिवाळ्यात मी कोकणात एका बंदरावर उभा होतो, तिथलं सांगतो. एकजण चांगली वीस लाखांची एसयूव्ही घेऊन आलेला, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागं छोटी बोट. उतारावर बोट पाण्यातनं वर ओढायची होती. सगळं वजन मागं पडलं, पुढची चाकं हलकी झाली, खाली शेवाळ, चाक जागेवर फिरायलंय, क्लच जळाल्याचा वास आम्हाला वीस फुटावर यायला लागला, आणि त्याची बायको मागच्या चाकाला दगड लावत होती, दगड घसरत होता. शेवटी कोळ्यांचा एक जुना ट्रॅक्टर आला, दोर बांधला, लो गिअर टाकला आणि सावकाश दोन मिनिटात बोट वर. पाचशे रुपये घेतले त्यानं. मला तेव्हापासून हे डोक्यात बसलंय, की पाण्याच्या कडेला जे काम आहे त्याला वजन आणि सावकाश चालणारा गिअर लागतो, आणि ते तर ट्रॅक्टरच्या रूपानं तुमच्या शेतातल्या आखाड्यावर उभंय.

आता आकड्यांचं बोलू. लोन २५ लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं, हप्ता साधारण ४०,९०० रुपये. सात वर्षांत ३४ लाख ३० हजारांच्या आसपास भराल, म्हणजे व्याज ९ लाख ३० हजार. तुमचं दुकान आणि शेती मिळून महिन्याला सरासरी ९० हजार पडतात म्हणलात. सरासरी हा शब्द इथं धोक्याचा आहे दादा, कृषी सेवा केंद्राचा पैसा महिन्याला येत नाही, जूनमध्ये बी-खत उधारीवर जातं आणि सोयाबीन विकल्यावर, भाव पडला तर त्याच्याही नंतर, वसूल होतं. बँकेचा हप्ता मात्र प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला जाणार. ऑगस्ट सप्टेंबरमध्ये कंपनीचं पेमेंट, गिऱ्हाइकाची उधारी आणि हा हप्ता तिन्ही एकदम अंगावर येतील आणि मग एफडी मोडायची वेळ येईल. शिवाय एफडीवर सात टक्के मिळवायचे, त्यावर टॅक्स भरायचा, आणि लोनला साडेनऊ द्यायचे, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

घरात गाडी लागणार हे मान्य, बोलेरो काढायची म्हणलात. चांगली घरची गाडी १६ लाखांत येते. म्हणजे बोट ओढायची म्हणून तुम्ही वरचे २२ लाख घालायलात. या २२ लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला १ लाख ५४ हजार व्याज मिळालं असतं, आणि सात वर्षांत यातले निम्मे घसाऱ्यात गेले असं धरलं तर वर्षाला अजून १ लाख ५७ हजार. झाले ३ लाख ११ हजार, जास्तीचं डिझेल, इन्शुरन्स, टायर न धरता. आता बोट ओढणार किती दिवस? तुम्हीच लिहिलंय, येलदरीला दहा वेळा आणि कोकणात वर्षातून दोनदा. येलदरीसाठी बोट धरणाच्या काठाजवळ ओळखीच्या कुणाच्या आखाड्यावर शेडमध्ये ठेवली तर दरवेळी २२ किलोमीटर ओढत न्यायची गरजच नाही, तिथून पाण्यापर्यंत न्यायला भाड्याचा ट्रॅक्टर पुरतो. राहिलं कोकण. ट्रान्सपोर्टवाल्यानं तुम्हाला एका बाजूचे २८ हजार सांगितलेत, चार फेऱ्यांचे १ लाख १२ हजार. म्हणजे दरवर्षी जवळजवळ दोन लाख वाचतात, शिवाय ताम्हिणीसारख्या घाटातनं अडीच टन मागं घेऊन उतरायची जोखीम तुमच्या अंगावर राहत नाही. पोरं गाडीत असतात, हे विसरू नका.

स्वतःचा ट्रॅक्टर वापरावा का, तर शेतात आणि पाण्याच्या कडेला ठीक, पण रोडवर नको. तुमचा ट्रॅक्टर शेतीकामाचा म्हणून नोंदलेला असणार आणि त्याची पॉलिसीही तशीच, रस्त्यावर बोट मागं असताना काही झालं तर क्लेमला अडचण येऊ शकते. ट्रेलरचंही लक्षात ठेवा, कायद्यानं ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते, गाडीच्या पॉलिसीत तो आपोआप येत नाही. विकणाऱ्याकडं ट्रेलरची आरसी आहे का, हे तुमच्या मेलमध्ये कुठंच नाही.

पाण्याचं पण बोलायला पाहिजे. नाथसागरला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात पण नेईन असं लिहिलंय तुम्ही. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मोटरबोट घालायचा विचार सोडा. येलदरीला जलसंपदा विभागाची परवानगी आधी लेखी घ्या. मोटरवर चालणाऱ्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि सर्व्हे लागतो, हे तुम्हाला जहाजावरचं काम केल्यामुळं माझ्यापेक्षा जास्त समजेल. पर्यटकांना फिरवून हप्ता काढीन असं जे वाक्य आहे, ते मी हिशोबातनं काढून टाकलंय. परवानगी हातात नाही, तोवर ते उत्पन्न शून्य धरा.

आणि आपला मराठवाडा. २०१६ ला लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी आणलं, ते वर्ष आपल्यापैकी कुणी विसरलं नाही. तसं एक वर्ष आलं की धरणाचं पाणी काठापासून लांब जातं, मधी सगळा गाळ आणि काळी माती, त्यात फोर बाय फोर गाडी पण एक्सलपर्यंत बसती. मागं अडीच टन असेल तर बाहेर काढायला परत ट्रॅक्टरच. अशा वर्षात बोट शेडमध्ये राहील, त्याला फार खर्च नाही, पण ४१ हजारांचा हप्ता चालूच राहील.

मग माझं मत काय? हायलक्स घेऊ नका, लोन तर नकोच. बोट घ्यायचीच असेल तर माझ्या मनातली वाट अशी आहे की २२ फुटी सोडून १८ फुटी, छोट्या केबिनची बघा, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, ट्रेलर धरून चौदाशे किलोच्या आसपास. चौघांना झोपता येणार नाही, दोघांना येईल, पण धरणावर रात्र काढायला तेवढं बास आहे. वजन निम्म्यावर आलं की व्ही-क्रॉस किंवा स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर सुद्धा चालण्यासारखी होते, मॅन्युअलचा आकडा बघूनच, आणि ते पण पुढं, एक-दोन सीझन भाड्यानं ओढून बघितल्यावर. नवीन बोटीच्या वाट्याला जाऊ नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर जीएसटी ४० टक्के झालाय. जुनी खाजगी माणसाकडनं घेताना तो प्रश्न नाही, पण विकायला निघालात तर परभणी जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळायचं नाही, परत कोकणातच न्यावी लागेल, हे पण किमतीत धरा आणि १७ लाखांवरनं खाली मागा.

पैसे असे लावा. ६५ लाखांतले ३० लाख मुलीच्या नावानं बाजूला, वेगळी एफडी, तिला हात लावायचा नाही. सरकारी कॉलेज मिळालं तर फार चांगलं, नाही मिळालं तर खाजगी मेडिकलची फी तिथनंच जाणार आणि ती पुरेल असंही नाही. दुकानासाठी ६ लाख हाताशी, उधारी अडकली की कामाला येतील. घरची गाडी १६ लाख, रोख. राहिले १३ लाख, त्यात बोट, ट्रेलरची दुरुस्ती, नोंदणी, बोटीचा वेगळा विमा आणि पहिल्या वर्षाचं भाडं बसवायचं. १८ फुटी जुनी बोट ९ लाखांच्या वर जात असेल तर थांबा. २२ फुटी यात बसत नाही, हे मी स्पष्ट सांगतो, तुम्हाला वाईट वाटलं तरी. मुलाचं शिक्षण अजून चार वर्षं लांब आहे, त्याला दुकानाच्या उत्पन्नातनं महिन्याला १५ हजाराची एसआयपी चालू करा, हप्ता नसल्यामुळं ते जमतं.

एक काम मात्र या आठवड्यात करा. विकणाऱ्याला फोन लावा, बोट ट्रेलरवर चढवून, टाकी भरून, जवळच्या वजनकाट्यावर न्यायला सांगा. दोन पावत्या घ्यायच्या, एक पूर्ण ट्रेलर काट्यावर असताना आणि दुसरी ट्रेलरचा फक्त हुकाचा भाग काट्यावर टेकवून. शेदोनशे रुपयांचं काम आहे. तो टाळाटाळ करायला लागला तर त्या बोटीचा विषय तिथंच सोडा, आणि दिल्या तर पावत्यांचे फोटो, ट्रेलरच्या आरसीचा फोटो आणि इंजिन किती तास चाललंय ते दाखवणाऱ्या अवर मीटरचा फोटो मला पाठवा, त्यावर पुढचं बोलू.