बाहुली नंतर, आधी एनआरई खात्याचं बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४६, सॉफ्टवेअरमधली नोकरी, ग्रीन कार्ड, पत्नी शाळेत अर्धवेळ काम करते, मुलगी दहावीत. ती दोन वर्षांची असताना तिच्यासाठी एल्मो ही मपेट बाहुली आणली. मुलगी यथावकाश त्यातून बाहेर पडली, वडील मात्र मपेट्समध्ये, म्हणजे जिम हेन्सनच्या टीव्हीवरच्या बाहुल्यांमध्ये, अडकले ते आजतागायत. जुन्या बाहुल्या, डबे, मग, पोस्टर असा संग्रह केला, त्यात १४ वर्षांत २२ हजार डॉलर गेले. त्यांच्या हिशेबानं आज त्याची किंमत ६० हजार आहे. आता एका लिलावात ‘द मपेट शो’च्या चित्रीकरणात वापरलेली म्हणून एक छोटी बाहुली येते आहे, अंदाज १२ हजार डॉलर. मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, ४१ हजार आहेत. त्यातून पैसे काढून ती घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न, कारण ‘चार वर्षांत दुप्पट होईल आणि कॉलेजचा खर्च त्यातूनच निघेल’. पत्राच्या शेवटी सहज म्हणून दोन ओळी: ‘भारतातली काळजी नाही. सांगलीत एनआरई एफडी १८ लाखांची आहे, व्याज टॅक्स-फ्री. त्याच बँकेनं दिलेली गॅरंटीड पॉलिसी आहे, वर्षाला ५ लाख, चार हप्ते झाले. इथला टॅक्स मी स्वतःच भरतो, सॉफ्टवेअरवर.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कारणं खाली देतो, पण आधी त्या शेवटच्या दोन ओळी. मला खरा घोर त्यांचा लागला आहे.

एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई रुपयात ठेवायचं अनिवासी भारतीयांचं खातं. त्यातल्या एफडीचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. तुम्ही ग्रीन कार्डवाले, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या लेखी तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवायचं. सांगलीच्या बँकेतलं व्याजही त्यात आलं. १८ लाखांवर पावणेसात टक्क्यांनी वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे साधारण १,३५० डॉलर. रक्कम फार मोठी नाही. पण तुमच्या रिटर्नमध्ये शेड्यूल बी नावाचं पान असतं, त्याच्या तळाशी प्रश्न असतो: परदेशात तुमचं आर्थिक खातं आहे का? सॉफ्टवेअर तो प्रश्न विचारतं आणि लोक घाईत ‘नाही’वर टिचकी मारून पुढे जातात. तुम्हीही तेच केलं असणार, नाहीतर ‘काळजी नाही’ असं लिहिलं नसतं.

परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं विवरण वेगळं भरावं लागतं. ते रिटर्नबरोबर जात नाही. तुमची एफडीच २० हजार डॉलरची आहे. आणि पॉलिसीचं सरेंडर मूल्यही (मधेच मोडली तर हाती येईल ती रक्कम) त्या बेरजेत धरतात, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. दंड मुद्दाम न लपवता राहून गेलं असेल तरी वर्षाला मूळ १० हजार डॉलरपर्यंत, महागाईनुसार वाढून आता त्याहून जास्त. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हा दंड दर खात्यामागे नाही, दर वर्षाच्या विवरणामागे मोजायचा. तरीही चार-पाच वर्षांचा गुणाकार करून बघा. तुमच्या सगळ्या कर्मिट बेडकांना विकून तो भरून निघणार नाही.

सुटकेचा रस्ता आहे आणि तो बराच स्वस्त आहे. ज्यांच्याकडून अजाणता राहून गेलं त्यांच्यासाठी अमेरिकी करखात्याची ‘स्ट्रीमलाइन्ड’ नावाची सोय आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना न दाखवलेल्या मालमत्तेच्या वर्षअखेरच्या सर्वांत मोठ्या बेरजेवर ५ टक्के दंड. तुमची एफडी आणि पॉलिसी मिळून ३४ हजार डॉलर धरू. त्याचे पाच टक्के १,७००. तीन वर्षांच्या व्याजावरचा कर हजारभर डॉलर. वर सीपीएची, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाची फी. पण या सोयीत ‘मला माहीत नव्हतं’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. हे उत्तर वाचल्यानंतर तुम्हाला माहीत झालेलं आहे. तेव्हा पुढच्या एप्रिलची वाट बघू नका. भारतीय खात्यांचं काम रोज करणारा सीपीए गाठा, आणि तो ‘पुढच्या वर्षीपासून गुपचूप दाखवायला लागू’ म्हणाला तर दुसरा शोधा.

आता पॉलिसी. तुम्ही दिवाळीत आईला भेटायला गेलात, एफडी रिन्यू करायला बँकेत गेलात, आणि रिलेशनशिप मॅनेजरनं चहा पाजून हा कागद पुढे केला. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशी पत्रं इतकी येतात की मला चहाची चवसुद्धा सांगता येईल. दहा वर्षं ५ लाख भरायचे, विसाव्या वर्षी १ कोटी ५ लाख मिळणार, ‘दुपटीहून जास्त, तेही गॅरंटीड’. हिशेब केला तर हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत बसतो. तोही रुपयात. २००५ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८८च्या. म्हणजे रुपया वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांनी खाली आला. तुमचा खर्च, घराचं कर्ज, मुलीचं कॉलेज, सगळं डॉलरमध्ये. तेव्हा तुमच्या हातात पडणार दीड-दोन टक्के. अमेरिकन सरकारचे रोखे याहून दुप्पट देतात, आणि त्यासाठी कुणाचा चहा प्यावा लागत नाही.

शिवाय भारतातल्या अशा पारंपरिक पॉलिसी अमेरिकी कायद्यातल्या आयुर्विम्याच्या व्याख्येत बहुतेक वेळा बसत नाहीत. मग आतली वाढ हातात न येताही दरवर्षी करपात्र ठरते. परदेशी विमा कंपनीला दिलेल्या हप्त्यावर एक टक्का अबकारी करही लागतो, त्याचा फॉर्म निराळा. हे त्या मॅनेजरला ठाऊक नसेल, ते मी समजू शकतो. पण एनआरआय ग्राहकाला विकताना ‘तुम्ही कर कुठे भरता’ एवढंही न विचारणं, याला मी चुकीची विक्रीच म्हणतो.

सोडायची का? इथे जरा थांबून हिशेब करू, कारण ‘बुडालं ते बुडालं, लगेच काढा’ म्हणणं सोपं असतं. भरलेत २० लाख, आज सरेंडर केलीत तर १०-१२ लाख येतील असं धरू. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. तोटा झालेला आहेच. आता पुढचंच बघायचं: १२ लाख तिथेच ठेवून आणखी सहा हप्ते भरलेत तर शेवटी १ कोटी ५ लाख. इथून पुढचा परतावा साडेसहा टक्के निघतो. ऐकायला बरा आहे. रुपयाची घसरण वजा केली की तीन. त्यातून दरवर्षीचा अमेरिकी कर आणि फॉर्म भरणाऱ्याची फी काढा. काही उरत नाही. पेड-अप केलीत, म्हणजे पुढे न भरता कमी रकमेची पॉलिसी तशीच ठेवलीत, तर हप्ते थांबतील, पण विवरणांचं भिजत घोंगडं आणखी सोळा वर्षं राहील. माझं मत सरेंडर. फक्त क्रम पाळा: आधी सीपीए, मग सरेंडर. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ते कसं दाखवायचं हे त्यानं आधी ठरवलेलं असू दे.

आणि विमा? पॉलिसीचं कवच ५० लाखांचं, म्हणजे ५७ हजार डॉलर. तुमच्या घराचं कर्ज ३ लाख ४० हजार डॉलर बाकी आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्यामागे पत्नीच्या हातात येईल ते कर्जाच्या सहाव्या हिश्श्याएवढंच. तब्येत बरी असेल तर दहा लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म विमा वर्षाला दीड-दोन हजार डॉलरमध्ये मिळायला हवा. सांगलीच्या एका हप्त्यात असे तीन हप्ते भरून होतील.

आता तुमची बाहुली.

१२ हजारांची बोली लागली तर लिलावगृहाचं कमिशन साधारण चौथा हिस्सा. झाले १५ हजार. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, झाले १६ हजार. हे ५२९ मधून काढलेत तर त्यातल्या नफ्याच्या भागावर आयकर आणि वर १० टक्के दंड, म्हणजे आणखी दोन हजारांवर. पुढे विकताना लिलावगृह तुमच्याकडून पुन्हा १०-१५ टक्के घेणार. नुसते १६ हजार परत मिळवायला बोली पावणेएकोणीस हजारांवर जायला हवी. पंचावन्न-साठ टक्के वाढ, आणि अजून नफ्याचा एक पैसा नाही. झालाच, तर संग्रहाच्या वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला कराची कमाल मर्यादा २८ टक्के आहे. शेअरवर तुम्हाला १५ पडले असते. हौसेसाठी ठेवलेल्या वस्तूवर तोटा झाला तर तो करात दाखवताही येत नाही.

‘चित्रीकरणात वापरलेली’ या शब्दांपाशी तर घोडं हमखास पेंड खातं. ‘द मपेट शो’ १९७६ ते १९८१ मध्ये इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत झाला, १२० भाग. तिथल्या खऱ्या बाहुल्या बाजारात सहजासहजी येत नाहीत. मपेट्सची पात्रं २००४ पासून डिस्नेची आहेत, हेन्सन कुटुंबानं पुष्कळसं सामान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला, अटलांटाच्या कठपुतळी केंद्राला आणि क्वीन्सच्या मूव्हिंग इमेज संग्रहालयाला दिलं. तेव्हा जी बाहेर आहे ती कुणाच्या हातून, कोणत्या साली, कोणत्या कागदावर बाहेर आली, हे दिसलं पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पुरावा म्हणून विकणाऱ्याचं स्वतःचं पत्र आहे. ते पुरेसं नाही. चित्रफितीतल्या एखाद्या फ्रेमशी तिची शिवण, डोळ्यांची जागा, कापडाचा जोड जुळतो का, हे दाखवणारं काही त्यांच्याकडे आहे का ते विचारा.

फोटोत आणखी एक दिसतं. बाहुलीच्या तोंडाच्या आतल्या कडेला पिवळसर भुकटी आहे. तो फोम आहे, आणि तो मरतो आहे. त्या काळातला पॉलियुरेथेन फोम हवेनं, उजेडानं, दमटपणानं ठिसूळ होतो, मग बोट लावलं की चुरा होतो. संग्रहालयं त्यासाठी तापमान सांभाळतात, आतून आधार देतात, तरी झुंजतात. जिम हेन्सननं १९५५ मध्ये केलेला पहिला कर्मिट आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या अर्धुकांच्या डोळ्यांचा होता. तो आज स्मिथसोनियनमध्ये आहे. फोमच्या बाहुलीचं नशीब तेवढं चांगलं नसतं. तुमच्या तळघरात न्यू जर्सीच्या ऑगस्टमध्ये ती वर्षाला किती झिजेल, तो घसारा तुमच्या ‘दुप्पट’मध्ये धरलेला नाही.

६० हजारांचा आकडा कसा काढलात तेही कळलं. ईबेवर लोक मागतात त्या किमती लिहून बेरीज केली आहे. मागणाऱ्याचं काय जातं? ‘विकलेले’ हा फिल्टर लावा आणि पुन्हा बेरीज करा. फिशर-प्राइसच्या सत्तरच्या दशकातल्या बाहुल्या, १९८१चे मॅकडोनल्डचे पेले, सिग्माचे मग, दोन हजारनंतरच्या काही वर्षांतल्या पॅलिसेड्सच्या मूर्ती, या सगळ्या ढिगानं निघाल्या. त्यातल्या थोड्या डब्यासकट, सुट्या भागांसकट नीट राहिल्या तर भाव मिळतो, बाकी किरकोळ. विकताना ईबेचे तेरा-साडेतेरा टक्के, वर पार्सल. माझा अंदाज, हाती २० ते २५ हजार. म्हणजे १४ वर्षांत मुद्दल राहिलं. छंदाला हे काही वाईट नाही! पण याला कॉलेज फंड म्हणू नका. न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात राहण्या-जेवणासह वर्षाला ३५-४० हजार, चार वर्षांचे दीड लाख डॉलर. तुमच्याकडे ४१ हजार आहेत आणि दोन वर्षं आहेत.

भाव वाढतच जातील हा विश्वास मपेट्सवाल्यांचा जुना आहे. २००० मध्ये जर्मनीच्या ईएम.टीव्ही कंपनीनं अख्खी हेन्सन कंपनी ६८ कोटी डॉलरला घेतली. २००३ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेची पात्रं वगळून कुटुंबानं ती ९ कोटींच्या आत परत घेतली. १९९६च्या नाताळात तीस डॉलरच्या ‘टिकल मी एल्मो’साठी लोक शेकडो डॉलर मोजत होते, आज त्यासाठी कुणी रांग लावत नाही. सत्तरच्या दशकात टीव्हीसमोर बसलेली मुलं आता साठीकडे झुकली आहेत. तीच आज चढ्या भावानं घेतात. उद्या घरं लहान करताना तीच विकायला काढतील, तुमच्याच बरोबर.

छंद बंद करा असं मी म्हणत नाही. महिन्याला दीडशे डॉलर बाजूला काढा, त्यात जे बसेल ते घ्या, कापडाचं आणि चिनीमातीचं आधी. घराच्या विम्यात संग्रहाचं कवच वेगळं जोडून घ्या, साध्या पॉलिसीत अशा वस्तूंची मर्यादा फार कमी असते. प्रत्येक वस्तूचा फोटो, पावती आणि ‘विकलेले’मधला भाव एका फाइलमध्ये ठेवून पत्नीला दाखवा.

पाचवा हप्ता नोव्हेंबरात एनआरई खात्यातून आपोआप कापला जाणार आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. सीपीएची वेळ त्याआधीची घ्या, आणि ऑटो-डेबिट थांबवायचा अर्ज बँकेला याच आठवड्यात ईमेलनं पाठवा. मॅनेजरचा फोन येईल. त्याला सगळं लेखी मागा.