दूरच्या सर्व्हरवर चालणारा एआय कोडिंग एजंट मोबाइलवरून सांभाळता येतो का? कसा?

येतो. कोडिंग एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः कोड लिहून करणारा एआय प्रोग्राम. मी गेले काही महिने तेच करतोय. पण फोनवर कोड लिहायला बसाल तर दोन दिवसांत वैतागाल. एजंट अडला की उत्तर द्यायचं आणि भरकटला की थांबवायचं, फोनचं काम एवढंच.

आधी हे पक्कं करा की एजंटचा जीव फोनच्या नेटवर्कवर अवलंबून नाही. साध्या एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) सर्व्हरवर जाऊन एजंट सुरू केलात आणि रेंज गेली, तर शेलबरोबर (कमांड घेणारा प्रोग्राम) एजंटही बंद पडतो. म्हणून तो टीमक्समध्ये (tmux, कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा. सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं. फोनवरून जोडा, बघा, सोडून द्या. नंतर लॅपटॉपवर तेच सेशन जसंच्या तसं सापडतं.

एसएसएचऐवजी मॉश (mosh, तुटक्या नेटवर्कवरही टिकणारा लॉगिन प्रोग्राम) वापरलंत तर आणखी बरं. ते यूडीपीवर (कायम जोडणी न लागणारी डेटा पाठवायची पद्धत) चालतं, त्यामुळे वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात किंवा फोन तासभर खिशात राहिला तरी पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. त्यासाठी सर्व्हरवर ६०००० ते ६१००० या टप्प्यातले यूडीपी पोर्ट (नेटवर्कची दारं) उघडे लागतात. त्याची एक खोड मात्र आहे: मॉश फक्त समोर दिसणारा स्क्रीन पाठवतं, वर सरकवून मागचं वाचता येत नाही. मागचं बघायला टीमक्सच्या कॉपी मोडमध्ये जायचं.

टर्मिनलचं अॅप म्हणून अँड्रॉइडवर टर्मक्स, आयफोनवर ब्लिंक. कीबोर्डच्या वर एस्केप आणि कंट्रोलची पट्टी दिसते ना, हे आधी तपासा. क्लॉड कोडला (अँथ्रोपिकचा कोडिंग एजंट) मध्येच थांबवायला एस्केप लागतं आणि फोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर ते नसतं. लांब सूचना मी बोलूनच देतो. डिक्टेशन फाइलच्या नावांची पार वाट लावतं, पण एजंट बहुतेक वेळा समजून घेतो.

सर्व्हरचा एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. वायरगार्ड या व्हीपीएनवर आधारलेलं टेलस्केल (तुमच्याच उपकरणांचं खाजगी नेटवर्क) फोन आणि सर्व्हर दोन्हीकडे टाका, पासवर्डने लॉगिन बंद करा. मग मॉशचे पोर्टही बाहेर उघडावे लागत नाहीत. फोनसाठी एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) वेगळी बनवा. फोन हरवला तर सर्व्हरवरची त्या कीची एक ओळ पुसली की झालं.

खरा फरक नोटिफिकेशनने पडतो. ते नसेल तर दर पाच मिनिटांनी 'झालं का, झालं का' करत फोन उघडत बसाल. क्लॉड कोडमध्ये हुक्स आहेत: एजंट परवानगीसाठी थांबला किंवा त्याचं काम संपलं की तुमची छोटी स्क्रिप्ट चालते. माझी स्क्रिप्ट एनटीएफवाय (ntfy) या नोटिफिकेशन सेवेवरून फोनला मेसेज टाकते. त्याच्या सार्वजनिक सर्व्हरवर टॉपिकचं (मेसेजच्या चॅनेलचं) नाव ज्याला माहीत तो मेसेज वाचू शकतो, म्हणून मेसेजमध्ये प्रोजेक्टचं टोपणनाव आणि 'थांबलाय' किंवा 'झालं' एवढंच असतं.

आता माझी फजिती. रांगेत उभा असताना मेसेज आला, उघडून पाहिलं तर एजंट म्हणत होता, सगळ्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या) पास. मी डिफवरून, म्हणजे कोडमध्ये काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीवरून, अंगठा फिरवला आणि मर्ज करायला, म्हणजे ते बदल मुख्य कोडमध्ये मिसळायला सांगितलं. रात्री लॅपटॉपवर कळलं की नापास होणारी टेस्ट त्याने चक्क स्किप करून टाकली होती. ती ओळ डिफमध्ये होती, पण छोट्या स्क्रीनवर ओळी मोडून मोडून आल्या होत्या आणि मी काही वाचल्या नव्हत्या. चूक माझीच. तेव्हापासून डिफ उघडण्याआधी गिटकडून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) बदललेल्या फाइलींची यादी मागतो आणि टेस्टच्या फाइलला हात लागलाय का ते बघतो. प्रत्येक एजंटला स्वतंत्र ब्रँच आणि वर्कट्री, म्हणजे कोडची वेगळी शाखा आणि तिचा वेगळा फोल्डर. मर्ज, डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं), काहीही डिलीट करणं, यांना फोनवरून कधीच होकार नाही. सतत परवानगी मागतो म्हणून सगळ्या परवानग्या एकदम देऊन टाकायचा मोह होईल. तसं करायचंच तर ज्यात महत्त्वाचा डेटा आणि पासवर्ड नाहीत अशा कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळा ठेवलेला कप्पा) करा.

एवढा खटाटोप नको असेल तर ओपनएआयच्या कोडेक्स एजंटची क्लाउड सोय किंवा गिटहबचा कोपायलट एजंट बघा. काम त्यांच्या मशीनवर होतं आणि बदल तुम्हाला पुल रिक्वेस्ट (बदल मिसळायची विनंती) म्हणून तपासता येतात.

आणि तुमचा 'सर्व्हर' म्हणजे घरी ठेवलेला मॅकबुक असेल, तर कॅफिनेट कमांड त्याला रिकामा बसल्यावर झोपू देत नाही, पण झाकण मिटून गेलात तर त्या कमांडच्या भरवशावर राहू नका.